फाळक्यावरचा हात

॥ श्री ॥

कोपरी, ठाणे (पूर्व)
९ जानेवारी २०२४

ती. दादास,
शीलाचा शि. सा. न. वि. वि.

पत्र बघून दचकू नकोस. मी आहे, हेही आहेत, पण ह्यांच्याबद्दलच लिहायला बसले आहे. फोन करून उपयोग नाही. तुझे कान गोदीतच राहिले, आणि मुलानं आणून दिलेलं कानाचं यंत्र म्हणे तू कपाटात जपून ठेवलं आहेस, झिजेल म्हणून. व्हॉट्सअ‍ॅप करावं तर ते तुझ्या सुनेच्या फोनवर जाणार, प्राची बिचारी तुला ऐकू यावं म्हणून ओरडून वाचणार आणि अख्ख्या विठ्ठलवाडीला आमच्या घरची खबर कळणार. म्हणून लेकीकडून पाकीट मागवलं. पोस्टात अजून पाकीट मिळतं याचंच रसिकाला नवल.

ह्यांचं काही खरं नाही, दादा. पंधरा दिवस दवाखान्यात होते. डॉक्टर म्हणाले, फुफ्फुसात जागाच उरलेली नाही. गंधक, सिमेंट, खत, काय काय उतरवलंत तुम्ही त्या बोटींतून! निम्मं शेडमध्ये गेलं, निम्मं ह्यांच्या छातीत. आता घरी आणलंय. उशाला ऑक्सिजनचं यंत्र घुरघुरत असतं. झोपेत ह्यांच्या दोन्ही मुठी पुढे-मागे होतात, बोटीतला माल उचलायच्या विंचचे दांडे ओढल्यासारख्या. मी बघत बसते.

आणि रोज तुझंच एक विचारतात, की गुणा आला का. रसिकाच्या लग्नात तू मानपानावरून भांडून निघून गेलास त्याला चोवीस वर्षं झाली. पोरीला अंतरपाटाशी न्यायला मामा नव्हता. मी ते विसरले नाही, पण हे त्यावरून तुला कधी एक शब्द वाईट बोलले नाहीत. उलट मलाच गप्प करायचे.

खरं सांगू का, तुमच्या टोळीतला हरिहर गेला तेव्हापासूनच हे अर्धे झाले होते. चौकशीत ह्यांनी स्वतःच कबूल केलं की लक्ष दुसरीकडे होतं, फाळक्यावरून तू केलेली खूण दिसली नाही आणि माल त्या पोरावर सोडला गेला. विंच काढून घेतली, शेडमध्ये झाडू हातात दिला. मीही कमी बोलले नाही. एका पोटुशीचं कुंकू पुसलंत, लक्ष कुठं होतं तुमचं, असं भरल्या ताटावर बोललेय. हरिहरच्या तिथीला त्याच्या हेमाकडे डोंबिवलीला शिधा घेऊन जाते मी दरसाल, आणि आल्यावर पुन्हा बोलते. हे म्हणायचे, हो, चुकलं. एवढंच.

आता बोलायला दम नाही त्यांच्यात. तू एकदा ये. बाकी काही मागत नाही. प्राचीला आशीर्वाद सांग.

माया कमी झाली असली तर पुन्हा लावून घे.
तुझी,
शीला


॥ श्री ॥

विठ्ठलवाडी
१६ जानेवारी २०२४

चि. सौ. शीला हिस,
अ. उ. आशीर्वाद.

तुझं अक्षर पाकिटावर बघितलं आणि आधी चष्मा शोधायला लागलो, मग चष्मा डोळ्यावरच निघाला. अक्षर अजून तसंच आहे, शाळेत मास्तर छड्या मारायचे तसंच. कानाच्या यंत्राचं प्राचीनं सांगितलेलं दिसतं. ते लावलं की पंख्याचा आवाज येतो, माणसाचा येत नाही. म्हणून ठेवलंय.

मधूचं वाचून वाईट वाटलं. मी यायला हवं, मला कळतं. पण गेल्या महिन्यात मोतीबिंदू काढला, डॉक्टरांनी धुळीत जाऊ नका म्हणून बजावलंय. गुडघ्यानं जिना उतरवत नाही. आणि आलो तरी काय? त्याला बोलायला दम नाही, मला ऐकायला कान नाहीत. दोघं दोन खांबांसारखे बसू आणि तुला उगाच दोनदा चहा करावा लागेल.

त्याला सांग, आराम कर. तुमच्याकडे पाहुण्यांचा राबता असेल, त्याला त्रास देऊ नका. मधूसारखा विंचमन आमच्या टोळीत दुसरा नव्हता, हे तुला माहीत नसेल म्हणून लिहितो. बोटीच्या पोटात काय चाललंय ते विंचवर बसलेल्याला दिसत नाही. फाळका म्हणजे त्या पोटाचं तोंड, त्याच्या कडेला उभं राहणाऱ्याचा हात तेवढा दिसतो. हात वर फिरवला की हबेस, म्हणजे उचल. तळवा खाली करून हलवला की आरिया, म्हणजे सोड. मूठ मिटली की थांब. बावीस वर्षं मी फाळक्यावर आणि तो विंचवर. शेजारच्या फाळक्यावर मारामारी होऊ दे, धक्क्यावर आग लागू दे, मधू माझ्या हातापलीकडे कधी बघायचा नाही. अंड्याची टोपली दिली असती तरी ट्रकवर अलगद ठेवली असती.

प्राचीनं केलेला तिळगूळ पाकिटात घालतोय. थोडा मधूच्या तोंडात घाल. डोळा बरा झाला की बघू.

आठवण ठेवतेस, ठेवत जा.
दादा


॥ श्री ॥

कोपरी, ठाणे (पूर्व)
२० जानेवारी २०२४

ती. दादास,
शि. सा. न.

तिळगूळ पोचला. पाकिटात त्याचा भुगा झाला होता, पोस्टमननं पाकीट माझ्या हातात देताना ते दोनदा हुंगलं. चिमूटभर ह्यांच्या जिभेवर ठेवला. गिळला नाही, बराच वेळ तोंडात धरून होते. तू पाठवलायस म्हणून सांगितलं तर डोळे भरून आले.

तुझा गुडघा आणि तुझा डोळा. विठ्ठलवाडीहून ठाणं म्हणजे काय विलायत आहे? मागच्या वर्षी तू गणपतीला गावाला जाऊन आलास, दहा तास एसटीत बसून, तेव्हा गुडघा कुठं ठेवला होतास? मला वेडं समजू नकोस. डॉक्टरांनी काल सरळ सांगितलं, आता दिवस मोजायचे.

पण तुझ्या पत्रातलं एक वाक्य मला झोपू देईना. तू लिहितोस, मधू माझ्या हातापलीकडे कधी बघायचा नाही. बावीस वर्षांत कधी नाही. मग त्याच एका दिवशी कसं लक्ष गेलं? कुठं गेलं? पंचवीस वर्षं मी ह्यांना ओरडून विचारलं, लक्ष कुठं होतं, पण उत्तर कधी ऐकलं नाही, कारण मला विचारायचं नव्हतंच, बोलायचं होतं. काल पहिल्यांदा पलंगावर शेजारी बसून नीट विचारलं. दादा असं लिहितो, मग त्या दिवशी काय बघत होतात?

ते हसले. हसताना खोकला आला, यंत्र वाढवावं लागलं. मग थांबत थांबत म्हणाले की गुणाला कळव, मी काही विचारणार नाही. त्यानं काही सांगायला पाहिजे असं नाही. नुसता येऊन बसला तरी पुरे. आणि मला म्हणाले, तूही त्याला काही विचारू नकोस.

मला सांगायचं नसेल तर सांगू नकोस. पण असं काय आहे, जे दोघांना माहीत आहे आणि मला नाही? मी ह्यांची बायको आहे आणि तुझी बहीण आहे. मधल्या मधे मीच परकी कशी झाले?

ये. या आठवड्यात ये.

उत्तराची नाही, तुझी वाट बघते.
शीला


॥ श्री ॥

विठ्ठलवाडी
२७ जानेवारी २०२४

चि. सौ. शीला हिस,
आशीर्वाद.

चार दिवस लिहितोय आणि फाडतोय. प्राचीला वाटलं, मी इच्छापत्र करतोय.

तू विचारलंस म्हणून लिहितो. खरं तर तू विचारलं नसतंस तरी मधूच्या त्या निरोपानं लिहिलं असतं. शिव्या दिल्या असत्या तर मी अजून दहा वर्षं तोंड लपवलं असतं. पण तो म्हणतो, नुसता येऊन बस. ते सहन होत नाही.

अठ्ठ्याण्णव सालचा नोव्हेंबर. बोट लोखंडी पत्रे घेऊन आली होती. दुपारच्या जेवणाआधीची शेवटची खेप. मी हबेस दिला, गठ्ठा दीड पुरुष उचलला गेला आणि एका बाजूला कलला. मी मूठ मिटली. मधूनं तिथल्या तिथं थांबवलं, गठ्ठा जागच्या जागी लटकत राहिला. असं झालं की खालच्यांनी कडेला उभं राहायचं. सगळे राहिले. हरिहरचा माल ओढायचा लोखंडी आकडा मात्र गठ्ठ्याखाली राहिला होता. टोळीत येऊन त्याला आठ महिने झाले होते, आकडा हरवला तर टिंगल करतील असं वाटलं असेल. तो वाकून गठ्ठ्याखाली गेला.

माझ्या गळ्यात शिट्टी होती. माणसाला सावध करायचं तर शिट्टी मारायची. कारण फाळक्यावर उभं राहिलं की आपला हात आपला राहत नाही, तो विंचवाल्याचा असतो. माल लटकत असताना त्या हातानं घाम पुसायचा नाही, माशी हाकलायची नाही. नव्या पोरांना हे मीच शिकवायचो. पण हरिहर खाली दिसला आणि मी ते सगळं विसरलो. मी ओरडलो, आणि ओरडताना त्याला हातानं म्हटलं, हट, मागे हो. तळवा खाली, दोनदा, जोरात.

मधूला हरिहर दिसत नव्हता. त्याला माझा हात दिसला. त्या हातानं सांगितलं सोड, त्यानं सोडलं.

पुढचं तुला माहीत आहे. जे माहीत नाही ते असं. तीन दिवस मी अन्नाला शिवलो नाही. मधूला वाटलं, हा जिवाचं काहीतरी करून घेईल. चौकशीला आधी त्याला बोलावलं. त्यानं आत जाऊन सांगून टाकलं की मूठ मिटलेली होती, माझंच लक्ष नव्हतं. मग मला बोलावलं आणि विचारलं, तुमची मूठ मिटलेली होती का. मी हो म्हणालो, शीला. एकच शब्द बोललो. बाहेर आल्यावर मधूनं मला कँटीनच्या मागे नेलं आणि म्हणाला, हे शीलाला कळू द्यायचं नाही. तिला भाऊ एकच. नवऱ्यावर रागावली तरी ती त्याच घरात राहील, भावावर रागावली तर तिचं माहेर तुटेल.

मला वाटलं होतं, थोड्या दिवसांनी सांगू. पण तो शेडमध्ये झाडू मारायचा आणि मी फाळक्यावर उभा राहायचो. त्याच्यासमोरून रोज जायचं. रसिकाच्या लग्नात त्यानं पुढे येऊन मला मिठी मारली आणि पोरीला अंतरपाटाशी तूच न्यायचंस म्हणाला. तेव्हा मला उभं राहवेना. आहेराचं निमित्त काढून भांडलो ते पळून जाण्यासाठी. मानपान कसला, मला मानच नव्हता. त्यानं तुझं माहेर वाचवायला एवढं केलं आणि मी ते असं तोडलं.

हे पत्र त्याला वाचून दाखव. मी आलो तर माझ्या तोंडून निघणार नाही, मला माहीत आहे. तू वाचून दाखवलंस असं कळव, त्याच दिवशी येतो. पाय धरायला येतो.

आशीर्वाद द्यायला मोठा म्हणायचा, एवढाच मोठा उरलोय.
दादा


कोपरी, ठाणे (पूर्व)
६ फेब्रुवारी २०२४

दादास,

वर श्री लिहिलेला नाही, घरात सुतक आहे.

तू स्मशानात येऊन फाटकापाशी उभा होतास असं जावई म्हणाले. घरी आला नाहीस. बरं केलंस. त्या दिवशी आला असतास तर मी काय बोलले असते मला ठाऊक नाही.

तुझं पत्र मला तीस तारखेला दुपारी मिळालं. स्वयंपाकघरात उभ्यानं वाचलं. मग खाली बसून वाचलं. पत्र हातात घेऊन खोलीत गेले तर हे जागे होते. पाकीट ओळखलं, भुवया उंचावून विचारलं, काय म्हणतो. आणि दादा, मी म्हणाले, त्याला ताप आहे, बरं वाटलं की येतो म्हणतो.

मी असं का केलं ते सहा दिवस स्वतःला विचारतेय. एक तर मला राग आला होता. तुझा आला होताच, त्यांचाही आला होता. माझं माहेर राखायला म्हणून मला माझ्या नवऱ्याशी पंचवीस वर्षं वाईट वागू दिलं त्यांनी. एकदा तरी सांगायचं होतं. आणि दुसरं म्हणजे, ते पत्र वाचायचं तर आधी मला त्यांचे पाय धरायचे होते. भरल्या ताटावर बोललेले ते सगळे शब्द परत घ्यायचे होते. ते कसं बोलायचं मला सुचेना. म्हटलं, एक दिवस जाऊ दे, मन जागेवर येऊ दे, उद्या सांगू. एकतीसला रसिका पोरांना घेऊन आली, शेजारपाजारचे आले, खोली रिकामी मिळाली नाही. म्हटलं उद्या. एक तारखेला सकाळी मी चहा टाकला, ह्यांच्यासाठी बशीत गार करून नेला, तर मुठी उघड्या होत्या.

तू पंचवीस वर्षं गप्प राहिलास म्हणून मी तुला काय काय लिहिणार होते. आता कुठल्या तोंडानं लिहू? मला तर दोन दिवस पुरले. त्यांना वाटलं असेल, गुणाला खरंच ताप आहे. शेवटी मीही त्यांना खोटंच सांगितलं, आणि तेही तुझंच नाव घेऊन.

रडून झालंय माझं. अजून होईल. तुला एकच सांगते, दहाव्याला येऊ नकोस. पिंडाला नमस्कार करून सुटशील, तसं सुटायचं नाही. तू हेमाकडे जा. पंचवीस वर्षं ती ह्यांना तिच्या नवऱ्याचा मारेकरी समजतेय, तोंडानं कधी बोलली नाही एवढंच. पत्र टाकू नकोस, मला लिहिलंस ते पुरे. स्वतः जा, तिच्या समोर बस आणि सांग. पत्ता खाली देते. डोंबिवली पूर्वेला उतरून रिक्षा कर, गुडघा दुखला तर दुखू दे.

जाऊन आलास की मग माझ्या दारात ये.

शीला


विठ्ठलवाडी
१२ फेब्रुवारी २०२४

चि. शीला हिस,

लिहिताना हात सवयीनं सौ. कडे वळला आणि थांबला. यापुढे असंच लिहायचं.

काल रविवारी हेमाकडे गेलो. कानाचं यंत्र लावून गेलो. हेमानं मला ओळखलं नाही, नाव सांगितल्यावर आत घे म्हणाली असेल, कारण मुलानं खुर्ची पुढे केली. हा तो, जो बापाच्या माघारी जन्मला. बापाहून उंच आहे. त्याला बाहेर पाठवू का असं तिनं खुणेनं विचारलं, मी म्हटलं असू दे, त्यालाही ऐकू दे.

सगळं सांगितलं. तुला लिहिलं होतं तसंच, काही कमी केलं नाही. चौकशीत हो म्हणालो तेही सांगितलं. मधूनं ते अंगावर घेतलं, हेमा, तू इतकी वर्षं ज्याला दोष दिलास त्याच्या हातून काही चुकलं नव्हतं, असं स्पष्ट म्हणालो. मला वाटलं होतं ती उठून दार दाखवील, किंवा तो पोरगा माझी कॉलर धरील. मी तयारीनं गेलो होतो. गोळ्या खिशात ठेवल्या होत्या.

ती काहीतरी बोलली. मला ऐकू आलं नाही. पुन्हा बोलली, पुन्हा नाही. मग मुलानं कॅलेंडरचं जानेवारीचं पान फाडून तिच्या हातात दिलं आणि तिनं मागच्या बाजूला लिहिलं. ते पान मी तुला पाठवणार होतो, पण मागून घ्यायचा धीर झाला नाही. तिनं लिहिलं होतं, म्हणजे तुम्ही आमच्या ह्यांच्याकडे बघत होता?

मी म्हटलं, हो. त्याच्याकडेच बघत होतो.

तिनं लिहिलं, आणि ते?

मी म्हटलं, त्यानं मान वर केली होती. माझ्याकडे बघितलं होतं. माझा हात त्याला कळला होता, तो मागे सरकायला लागला होता.

मग ती रडली. मुलगा तिच्या पाठीवर हात ठेवून उभा राहिला. नंतर तिनं त्याच पानावर खाली लिहिलं की आजवर सगळ्यांनी मला एवढंच सांगितलं होतं, की कुणाचं लक्ष नव्हतं. पंचवीस वर्षं मी रोज निजताना तेच बघते, एवढी माणसं भोवती आणि त्यांच्याकडे कुणाचंही लक्ष नाही.

शीला, मधूनं मला वाचवायला म्हणून सांगितलं लक्ष नव्हतं, आणि मी हो म्हणालो. आम्हाला वाटलं होतं ते आम्हा दोघांतलं आहे, फार तर तुझ्यापर्यंत पोचणारं आहे. हरिहर गेला तेव्हा एक माणूस त्याच्यासाठी जिवाच्या आकांतानं ओरडत होता, एवढं तरी त्या बाईचं होतं. तेही आम्ही तिला दिलं नाही.

मी उद्या सकाळी तुझ्याकडे निघतो, हे पत्र पोस्टात न टाकता हातातच आणतो. तेरावा आहे, मला माहीत आहे. दारात उभा राहीन. आत घ्यायचं की नाही ते तू ठरव.

दादा